कललेल्या अळंब्या

आचऱ्याच्या शाळेत शिकवणारी अक्षया अळंब्यांचे फोटो काढायला शेजारच्या काशीबाईंसोबत रानात गेली. एका वारुळाभोवती पांढऱ्या अळंब्या दाटीने उगवल्या होत्या.

तिने फोटो काढला. सगळ्या छत्र्या तिच्याकडे कलल्या होत्या. वळसा घालून तिने पलीकडे बसून दुसरा काढला. त्यातही त्या तिच्याचकडे कलल्या होत्या. वारा अजिबात नव्हता.

"काकी, बघा! ह्यो माझ्याकडेच बघतत," ती हसून म्हणाली.

काशीबाईंनी मोबाईलमध्ये पाहिलं आणि टोपलीत काढलेल्या अळंब्या तिथेच ओतून टाकल्या. "चाळीस वर्सां अळंबी काढतंय, असां कधी बघूक नाय. चल गो घराक."

काशीबाई वाटेच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"येतंय, काकी," म्हणत अक्षया उठली, आणि अळंब्या तिच्या डोळ्यांदेखत वळल्या. आता त्या लांब, वाटेच्या वरच्या वळणाकडे कलल्या होत्या. तिथे कोणीच नव्हतं.

मग चालत येणाऱ्या माणसावर नजर ठेवावी तशा त्या संथपणे फिरू लागल्या. त्यांचा रोख रिकाम्या वाटेवरून जवळ जवळ येत काशीबाईंवर थांबला.

"काकी?" अक्षयाने हाक मारली.

कोणीतरी हात टेकवावा तसा काशीबाईंचा डावा खांदा हळूहळू खाली दबत गेला.