मिलचं पटांगण

मूल गावच्या ज्या राइस मिलमध्ये बॉयलरपाशी इनायतची अर्धी जिंदगी गेली, तिथं आता मंगल कार्यालय झालं होतं, आणि तो वर्दी घालून त्याच्या फाटकावर उभा राहायचा. आजही लग्न होतं. नवा मॅनेजर त्याच्यावर उखडला, "ती भांडी घासणारी बाई पुन्हा फाटकातच चपला काढून गेली. तिचं बघून पाहुणेही काढायला लागलेत. मंदिर आहे का हे?"

इनायतनं सोमारीला फाटकाशी बोलावून घेतलं. मिल होती तेव्हा फाटकाच्या आतल्या याच पटांगणात ती उकडलेलं धान वाळत घालायची. त्या धानावर चपलेचा पाय कधी कोणी पडू दिला नव्हता.

"सोमारीबाई, चपला घालून जात जा. आता कुठी धान राह्यलं इथी?"

"मालूम हाय मले, इनायतभाऊ. पन पाय नाई ना आयकत."

तेवढ्यात आतून मॅनेजरनं हाक मारली.

"आलो, साहेब," म्हणत इनायत घाईनं खाली वाकला आणि वर्दीच्या बुटांच्या नाड्या सोडू लागला.