अंगदरावांचा घाट

वसंतातल्या सायकल सहलीला कुठं जायचं, यावर जालन्यातल्या सायकलवाल्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आठवडाभर भांडत होता. अंगदरावांना मुन्नार लांब वाटलं आणि महाबळेश्वर मिळमिळीत. "चढ कसा, माणसाचा दम निघला पाह्यजे!" शेवटी कलीमभाईंनी भोकरदनच्या पल्याडच्या एका घाटाचा नकाशा टाकला, तसे अंगदराव सोफ्यावरून उठलेच. "बिलकुल हाच! पाडव्याला आपण घाटमाथ्यावर!" त्यांनी कौतुकानं तो नकाशा बायकोलाही दाखवला.

दैवशालानं तो निरखून पाहिला. घाटमाथ्यावर तिचं माहेर होतं. मागच्या धोंड्याच्या महिन्यात सासूनं जेवायला बोलावलं, तेव्हा "लई चढ हाय, गाडी चढत न्हाई" म्हणून ह्याच जावयानं खाली फाट्यावर कार थांबवली होती. तिची म्हातारी आई पुरणाच्या धोंड्यांचा डबा डोक्यावर घेऊन अख्खा घाट उतरून आली होती. जावईबापू गाडीतच एसी लावून जेवले होते.

दैवशालानं आईला फोन लावला.



"माय, यंदा डबा घेऊन खाली उतरू नको. तुझ्या जावयाची गाडी चढत न्हाई, पण सायकल चढते म्हणं."