स्वच्छ केलेली काठवट

आँटी डोरीननं हातमोजे नाकारले.

"माझ्या पणजीला हात लावायचा, आणि तोही रबर चढवून?"

सुचेतानं हसून खोकं बाजूला सारलं. संग्रहालयाचे नियम तिला पाठ होते. आज ते मोडण्यातच सभ्यता होती.

टेबलावर लाकडाची एक उथळ काठवट होती. ऑस्ट्रेलियात डोरीनच्या जमातीतल्या बाया तान्ही बाळं जिच्यात निजवून कडेवर घेत, तसली. शतकापूर्वी घोडेस्वार पोलिसांनी त्या जमातीची वस्ती जाळली, पोरं उचलून मिशनच्या शाळेत कोंबली, आणि काठवट, लंडनमधल्या या संग्रहालयाच्या पाटीनुसार, त्यांना तिथे 'आढळली'. साम्राज्याला अशा वस्तू नेहमीच आढळत. बहुधा मालक जीव घेऊन पळत असताना. पुढे ती एका कपाटात पडून राहिली. तिच्यावरून कुणी साधं फडकंही फिरवलं नाही.

चहाचा घोट घेऊन डोरीन म्हणाली, "गेल्या खेपेला तुमचे लोक न विचारता घरात घुसले होते. तुम्ही निदान बिस्किटं तरी ठेवलीत."

"ते माझे लोक नव्हेत, आँटी. मी नागपूरची. आमच्याकडेही ते न विचारताच आले होते."

"मग तू आपल्यातलीच की!"

सुचेताला भरून आलं. जुन्या वस्तू टिकवणं हे तिचं काम. पण ही एक वस्तू परत जावी म्हणून ती ट्रस्टींशी वर्षानुवर्षं भांडली होती. मंजुरी मिळाल्यावर तिनं काठवट स्वतःच्या हातानं साफ करायला घेतली. चोरीचा माल परत करायचाच, तर निदान निर्मळ करून द्यावा, एवढंच तिच्या मनात होतं.

डोरीननं काठवट उचलली, चेहरा तिच्यात खुपसला आणि खोल श्वास घेतला. मग पुन्हा एकदा घेतला.

"आतला थर कुठं गेला?"

"काळा, तेलकट मळ होता, आँटी. काढला मी. पण रसायन अजिबात वापरलं नाही हं."

"आमच्या घरात बाळ झालं की आई चरबीत गेरू कालवते," डोरीन सावकाश म्हणाली. "आधी आपल्या अंगाला लावते, मग बाळाच्या, मग हिला. आधीच्या आईचं पुसायचं नसतं. त्याच्यावरच आपलं लावायचं." तिचा आवाज चढला नव्हता. "कशानं काढलंस?"

"थुंकीनं. कापसाचा बोळा जिभेवर ओला करून. जुन्या लाकडाला त्याहून सौम्य काही नाही."

जी थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून सुचेताच्या पूर्वजांच्या गळ्यात गाडगं बांधलं जाई, ती या देशात शास्त्रमान्य ठरली होती. याचा तिला आजवर केवढा अभिमान वाटत आला होता.

"ते बोळे?"

"जाळले."

डोरीननं काठवट टेबलावर ठेवली नाही. बाळ सोपवावं तशी, दोन्ही हातांनी, ती सुचेताच्या हाती दिली.

"ठेव तुझ्याकडे," ती म्हणाली. "हिच्यात आता आमचं कुणी नाही. तूच आहेस."