रागातली सही

"नाडी एकशे बारा. सही बाद," कारकून देवरुखकर तिसऱ्यांदा म्हणाला. "बाई, रागातली सही सातही देशांत चालत नाही. नियम सगळ्यांना सारखा."

चांगुणा नाखवाच्या नवऱ्याला एका मालवाहू जहाजाने होडीसकट बुडवलं होतं आणि ते थांबलंही नव्हतं. अशा जहाजांविरुद्ध सात देशांनी कायदा करावा, या नागरिकांच्या अर्जावर तिला सही करायची होती.

"म्हणजे ज्याच्या घरचं कुणी मेलं नाही, त्याचीच सही चालणार? आग लागो तुमच्या नियमाला!"

देवरुखकरने सरकारी गोळी आणि पाण्याचा पेला पुढे सरकवला. चांगुणाने गोळी गिळली. थोड्या वेळाने तिने पुन्हा नाडीच्या यंत्रावर बोट ठेवलं आणि हिरवा दिवा लागला.

"नाडी बहात्तर. हं, करा सही."

चांगुणा गोड हसली.

"जाऊ द्या हो साहेब. जहाजाला घाई असेल."