वास

बर्नरची भोकं पिनेने साफ झाली, पण लायटरची ठिणगीच पडेना. मालनबाईंनी काडेपेटी उघडून काडी काढली, तोच खाटेवरून स्टीलचा पेला भिरभिरत आला आणि त्यांच्या पाठीवर आदळला.

अर्धांगवायूने नवऱ्याची वाचा गेली होती. डावा हात तेवढा हलायचा.

"पेज होईपर्यंत धीर धरवत नाही तुम्हाला?" त्या वळून म्हणाल्या. "मी तरी किती करू? थकले हो आता."

नवरा घशातून घोगरा आवाज काढत होता आणि पुन्हापुन्हा नाक चिमटीत धरून दाखवत होता. मालनबाईंचा हात थबकला. महिन्यापूर्वीच्या तापानंतर त्यांना कसलाच वास येत नव्हता. आपण स्वयंपाकाच्याही कामाच्या उरलो नाही, या भीतीने त्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्यांनी गॅसच्या नळीवर साबणाचा फेस चोळला. सिलिंडरजवळ भराभर बुडबुडे फुगले.

रेग्युलेटर बंद करून त्यांनी दारंखिडक्या सताड उघडल्या आणि खाटेपाशी मटकन बसल्या.

"मला वास येत नाही हो," त्या म्हणाल्या.

नवऱ्याने त्यांची आवळलेली मूठ हळूहळू सोडवली आणि आतली काडी काढून घेतली.