पोस्टमास्तरांची तब्येत

नवा चष्मा नाकावर चढवून बायकोने कादंबरी मागितली, तेव्हा प्लंबरने ती पटकन आपल्याकडे ओढली.

"राहू दे ना. मीच वाचतो आजही."

"अहो, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला. डॉक्टरांनीच वाचायला सांगितलंय. किती दिवस राबवू तुम्हाला?"

राबवू! 'वाचून काय पोट भरतं?' असं जन्मभर तिला चिडवणारा हा गडी महिनाभर रोज चार ते साडेचार तिच्या उशाशी बसून मोठ्याने वाचत होता. त्या अर्ध्या तासात कुणाची टाकी वाहो की मोरी तुंबो, फोनवर एकच उत्तर असे, "मेन कॉक बंद करा. साडेचारला निघतो." आता तो अर्धा तास हातचा जाणार होता. आणि त्याआधी लबाडी उघडी पडणार होती.

तिने पुस्तक त्याच्या हातून घेऊन खुणेचं पान उघडलं. दोन परिच्छेद वाचून थांबली.

"अहो, पोस्टमास्तर गेले की!"

"हो."

"कधी?"

"मागच्या मंगळवारी."

"मग काल नातीला सायकल शिकवत होते ते कोण? आणि परवा शेजारणीचा नळ दुरुस्त केला तो?"

प्लंबर हातातला पाना उगाच पुसत राहिला. शेवटी खरं तेच बोलला.

"डॉक्टर म्हणाले होते, डोळ्याला पाण्याचा थेंब लागता कामा नये. तू तर ढसाढसा रडली असतीस. मग म्हटलं, जगू दे म्हाताऱ्याला थोडे दिवस. रोज सकाळी काम करता करता पुढची गोष्ट मनातच जुळवायचो."

"तरीच! पोस्टमास्तरांना नळाच्या वायसरची एवढी माहिती कुठून, म्हणत होते मी."

ती खळखळून हसली. मग डोळ्यांना पदर लावला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याबद्दल इतकी माया तिला आजवर वाटली नव्हती.

तो उठायला लागला. "वाच तू. मी पलीकडच्या गल्लीतलं काम उरकून येतो."

"बसा खाली. चार वाजलेत."

तिने पुस्तक मिटलं, चष्मा काढून त्यावर ठेवला आणि उशीला टेकून डोळे मिटले.

"सांगा. मागून धरलेली सायकल सोडली का त्यांनी?"

प्लंबरने स्टूल पुढे ओढलं.

"छे गं. इतक्यात कुठे सोडतात!"