मोरीच्या पाण्यावरचं गवत

गाडीचं चाक गवतात गरगर फिरलं आणि वर यायचं सोडून आणखी बोटभर खाली गेलं.

“पुरे, जावईबापू,” आजी पायरीवरून म्हणाली. “रागावून चाकं वर येत असती, तर माझ्या एका हाकेत आली असती.”

जावई उतरला. बूट चिखलात राहायला बघत होते, ते उपसत तो पुढे आला. तीन दिवस पाऊस लागून राहिला होता. सकाळी तो गाडी रस्त्यावरच लावत होता, पण आजीनेच हात केला होता : आत घ्या, पार त्या हिरव्या गवतावर घ्या, पोरीचं सामान भिजायला नको. आता सामान भरून झालं होतं. पोर पुढच्या सीटवर पट्टा लावून बसली होती. गाडी मागे घेऊन रस्त्याला लावायची तेवढी राहिली होती, आणि ती जागची हलत नव्हती.

पोरीला सगळे ठकी म्हणत. वय सात. आई गेली तेव्हापासून दोन वर्षं ती आजीकडे होती. आता बापाने घर घेतलं होतं, सोमवारपासून तिकडची शाळा. कायमची.

शेजारचा सुतार हातातला रंधा ठेवून मदतीला आला. वाकून त्याने चाक पाहिलं आणि ‘च्च’ केलं.

“मावशी, इथे कशाला येऊ दिलीत? तुमच्या मोरीचं सगळं पाणी इथेच मुरतं. भर उन्हाळ्यात पाय रुततो इथे.”

“मला काय विचारलं होतं कुणी?”

सुताराने जावयाकडे पाहिलं. जावयाने गवताकडे.

“उभे काय राहिलात खांबासारखे? ट्रकवाल्याची बायको आहे मी. चाळीस वर्षं हेच ऐकत आले. रुतलेल्या गाडीला मागे वजन द्यायचं. तू बस रे डिकीवर. खातोस तेवढं आज कामी येऊ दे.”

सुतार बसला. डिकीत आधीच ठकीच्या दोन बॅगा आणि पुस्तकांचं खोकं होतं. गाडीचं नाक वर झालं. पुढची चाकं भलतीच जोरात फिरली आणि चिखल उडून थेट पायरीपर्यंत आला.

“अजून वजन पाहिजे,” आजी म्हणाली. “थांबा, दाराला लावायचा दगड आणते.”

गाडीची काच खाली झाली.

“आजी, ही गाडी पुढून ओढते ना?” ठकी म्हणाली. “आईने गाडी घेतली तेव्हा तुला सांगितलं होतं. आजोबांच्या ट्रकसारखी नाही, हिची ताकद पुढच्या चाकांत. तू म्हणालीस, बरं बाई, तुझी गाडी शहाणी.”

सुतार डिकीवरून हळूच उतरला.

जावयाने रुमालाने हात पुसले. पुसून झाले तरी पुसतच राहिला. मग आजीजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाला, “आई, आजचा दिवस राहतो आम्ही. उद्या निघू.”

दया आली होती त्याला. आजीने आयुष्यात कुणाकडून वाटीभर साखर उसनी आणली नव्हती, ही दया ती कुठे ठेवणार?

“उद्या काय गवत वाळणार आहे?” ती म्हणाली.

तिने पदर खोचला. डिकी रिकामी करायला लावली. बॅगा, खोकं, सगळं पुढे, ठकीच्या पायाशी. पुढच्या दोन्ही चाकांमागचा चिखल खुरप्याने ओढून काढला. एका चाकामागे पोतं घातलं. दुसऱ्यासाठी ती घरात गेली आणि येताना गोधडी घेऊन आली. लहानशी, निळ्या काठाची.

“माझी गोधडी!” ठकी ओरडली.

“तिकडे बापाने नवी घेतलीय. मऊ आहे म्हणे.”

तिने घडी मोडली नाही. तशीच चाकाच्या कडेने चेपून बसवली, रोज रात्री पोरीच्या पाठीशी चेपायची तशी.

“आता रिव्हर्स. पेडल दाबू नका, नुसता पाय ठेवा. आणि एकदा हलली की थांबायचं नाही. काही झालं तरी थांबायचं नाही.”

ती गाडीच्या पुढ्यात गेली. दोन्ही तळवे बॉनेटवर टेकवून तिने अंगातलं होतं नव्हतं ते वजन त्यावर टाकलं. सुतार शेजारी रेटत होता. काचेपलीकडे ठकी अगदी समोर. गाडी हलली, अडली, पुन्हा हलली. चिखल आजीच्या तोंडावर उडाला. तिने डोळे मिटले नाहीत.

मग हाताखालचं एकदम निघून गेलं आणि ती गुडघ्यांवर पडली. गाडी मागे मागे जात रस्त्यावर चढली. ठकीचं तोंड तिच्याकडेच होतं. आधी डोळे दिसत होते, मग नुसता काचेवर आपटणारा हात.

थांबायचं नाही, असं तिनेच सांगितलं होतं. जावई थांबला नाही.

दुपारभर ती मोरीत बसून गोधडी धूत होती. सुताराने दोनदा कुंपणावरून डोकावून पाहिलं. तिसऱ्यांदा त्याला राहवलं नाही.

“मावशी, निघाली की माती केव्हाच. किती धुवाल?”

“तुझ्या घरचं पाणी जातंय का?”

तिने आणखी एक बादली उपडी केली. पाणी मोरीतून बाहेर पडलं, भिंतीच्या कडेकडेने गवतात गेलं आणि चाकांच्या दोन खड्ड्यांत साचत राहिलं.